वैद्यबुवा विचारतात, मग?

आमचे हे वैद्य होते आणि त्यांचा आवाज फार बारीक होता. शेजारी बसलेल्यालाही दोनदा विचारावं लागे, काय म्हणालात? एरवी त्याने काही बिघडलं नसतं. पण प्लेगच्या साली बिघडलं.

आमचं गाव कयाधूच्या काठी. राज्य निजामाचं. ताप, पोटदुखी, विंचू यांचे रोगी कोणत्याही वारी येत, पण मंगळवार राखून ठेवलेला होता तो डोक्याच्या रोग्यांसाठी. डोकं दुखणारे नव्हेत. डोकं फिरलेले, फिरू लागलेले, किंवा फिरलंय असं नुसतं घरच्यांना वाटणारे. शिरडहून, वारंग्याहून, पार कनेरगावाकडून बैलगाड्या यायच्या. कोणाला झोप नाही, कोणाला भिंतीतून हाका ऐकू येतात, कोणी दिवसभर हात धूत बसतो. अशा माणसाला घरचे लोक साखळीनं बांधायचे, नाहीतर एखाद्या देवाच्या दारात नेऊन टाकायचे. आमच्याकडे आलेलं माणूस मात्र संध्याकाळी आपल्या घरी परत जायचं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचं.

उपचार अगदी साधा. ओट्यावर बसवायचं, टाळूवर ब्राह्मीचं तेल जिरवायचं आणि बोलू द्यायचं. हे समोर बसून ऐकत. माणूस बोलता बोलता थांबला की म्हणत, "मग?" तो पुन्हा बोलू लागायचा. पुन्हा थांबला की पुन्हा, "मग?" लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांना दुसरं काही येतच नाही. घरातही तेच. मी भांडायला उभी राहिले की हे पाटावर शांत बसून विचारणार, "मग?" तांब्या आपटला तरी "मग?" माझी निम्मी भांडणं या एका शब्दानं उपाशी मारली. पण रोग्यांना गुण यायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. रडत आलेली बाई उठताना पदर नीट करायची आणि विचारायची, "पुढल्या मंगळवारी येऊ न्हवं?"

त्या साली दिवाळी झाली आणि गावात उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे कोणी कोणाला सांगावं लागत नसे. दोन दिवसांत सगळं गाव शेतात. तुराट्यांचे कूड, वर कडबा, आत चूल, जातं आणि भांडणं, म्हणजे संसार पुरा झाला. नदीपलीकडच्या वाडीतही उंदीर पडले होते, तेव्हा तीही माणसं आपल्या शेतात येऊन राहिली. त्यांच्या झोपड्या आमच्या समोर, आमच्या त्यांच्या समोर, आणि मध्ये नदीचं रुंद पात्र. सकाळी त्यांची चूल पेटली की धूर आमच्या डोळ्यांत यायचा.

मग अमीनसाहेब घोड्यावरून आले. अमीन म्हणजे पोलिसांतला मोठा अंमलदार. त्यांनी हुकूम सोडला की या काठचं माणूस त्या काठी जाणार नाही आणि त्या काठचं या काठी येणार नाही. बाभळीखाली एक जवान बसवला. मग रोज नवे हुकूम. घरांची कौलं उतरवा, ऊन आत येऊ द्या. अंथरुणं जाळा. दंडात सुई टोचून घ्या. हे सगळे हुकूम आमचा गावचा दवंडीवाला हलगी वाजवत सांगायचा, आणि लोक कपाळाला हात लावून पाळायचे. सुई टोचून घेतल्यावर उंदीर कसा मरतो हे कोणाला कळलं नव्हतं, पण विचारणार कोणाला?

यांना मात्र एकच घोर. "मंगळवारचं काय?" मी म्हटलं, "मंगळवारचं काय म्हणजे? माणसं पटापट मरून राहिली, तिथं तुमचं तेल कोणाला सुचतं?" हे म्हणाले, "ज्याला आधीच झोप नव्हती त्याला आता लागून राहिली असंल का?" मी चिडले आणि भाकरी तव्यावर आपटली.

मंगळवारी बघते तर पलीकडच्या काठावर ही गर्दी. वाडीतले रोगी होतेच, पण लांबलांबचेही गाड्या जुंपून आले होते. अलीकडे यायला मनाई, म्हणून तिथेच वाळूत बसून राहिलेले. तेलाच्या बाटल्या यांनी सकाळीच नदीच्या मधल्या खडकावर नेऊन ठेवल्या होत्या, जवानाच्या समोर. पलीकडच्यांनी त्या नेल्या आणि आपापल्या टाळूवर तेल थापून घेतलं. अर्धा उपचार झाला. राहिला तो बोलण्याचा.

पलीकडची माणसं बैल हाकणारी, त्यांचा आवाज पात्र ओलांडून इकडे यायचा. यांचा आवाज पाण्यापर्यंतही पोचेना. खळखळाट होता. यांनी तोंडाशी हात धरून "मग?" असं ओरडून पाहिलं आणि खोकल्याची उबळ येऊन खाली बसले. पलीकडून नुसते ओठ हलताना दिसत होते. एका रोग्याला आधीपासूनच संशय होता की लोक आपल्याबद्दल लांब उभं राहून काहीतरी बोलतात. त्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, मी ओरडते. माझा आवाज खणखणीत होता, अजून आहे. हे म्हणाले, "तू वरडलीस की रोग्याला वाटंल, आपलंच काही चुकलं." मग दवंडीवाल्याला बोलावलं.

हा माणूस उंच, काटकुळा, आणि आवाज असा की तीन शिवारांत पोचावा. त्याची एकच अडचण होती. "हलगीला काठी लागल्याबिगर माझं तोंड उघडत न्हाई, वैद्यबुवा," तो म्हणाला. आणि एकदा काठी लागली की शब्दही त्याच्या बापजाद्यांनी लावून दिलेल्या क्रमानंच बाहेर पडायचे. गावात असताना तो आमच्या ओट्याखाली लांब उभा राहायचा. नदीकाठी ओटा नव्हता. हे आणि तो एकाच खडकावर जवळजवळ बसले, कारण त्याच्या कानात बोलल्याशिवाय काम होणार नव्हतं. माझ्या सासूबाईंनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला ते दोघे तसे बसलेले बघून बरं वाटलं, अजून वाटतं.

पहिला रोगी पलीकडचा किराणा दुकानदार. त्यानं ओरडून सांगितलं की दुकानाचं कुलूप लावलं की नाही हे बघायला तो रात्रभर उठतो, बघून येतो, पुन्हा उठतो. तो थांबला. हे दवंडीवाल्याच्या कानाशी हळूच काही म्हणाले. हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! वैद्यबुवा विचारतात, मग?"

दोन्ही काठांवरच्या झोपड्यांतून माणसं धावत बाहेर आली. नवा हुकूम काय ते ऐकायला सगळे गोळा. दुकानदार बिचारा घाबरला, पण बोलत राहिला. पुन्हा हलगी, पुन्हा "मग?" आता आमच्या काठची माणसंही विचारू लागली, "कुलूप व्हतं का मग?" शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, आता साऱ्या मुलखाला कळलं की मी रात्रभर जागा असतो, आता कोणता चोर मरायला येतो? आणि खरं सांगते, त्या दिवसापासून त्याला झोप लागायला लागली. हे गालात हसले. मला म्हणाले, हे औषध आपल्या पोथीत नव्हतं.

पण सगळ्यांना हे मानवेना. एक धिप्पाड गडी होता, त्यानं कबूल केलं की घरात शिरताना त्याची छाती धडधडते, कारण बायको. दवंडीवाल्यानं त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बराबर लावून ते दोन्ही काठांना कळवलं. बायको तिथेच गाडीत बसली होती. त्या गड्याचं पुढं काय झालं ते मी लिहीत नाही. यांनी दवंडीवाल्याला बजावलं, "बाबा, हितून पुढं कोणाचं नाव घ्यायचं न्हाई. कोणासाठी सांगून राहिलो ते कोणाला कळता कामा नये." त्यानं कान पकडून कबूल केलं. आणि पुढचा सगळा घोटाळा त्यानं हा शब्द पाळल्यामुळे झाला.

वाडीतली एक पोर दर मंगळवारी यायची. पोरच म्हणायची, विशीच्या आतली. श्रावणात तिचं पहिलं लेकरू बारशाच्या आधीच गेलं होतं. तेव्हापासून ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. सासू विधवा, एकुलत्या एका मुलाची आई, आणि तोंडानं माझ्यासारखीच. ती सुनेला दंडाला धरून काठावर आणून बसवायची आणि साऱ्या नदीला सांगायची, "संक्रांतीपतूर वाट बघते. न्हाई सुधारली तर देते माहेरी धाडून, अन् पोराची दुसरी करते." माहेरी होता एक भाऊ. त्यानं आधीच निरोप धाडला होता की ती आली तर देवळाच्या खांबाला बांधीन, माझ्या घरात वेडी नको. म्हणजे संक्रांतीनंतर त्या पोरीच्या नशिबात साखळी होती. मी झोपडीत भाकऱ्या थापताना रोज मोजायचं नाही म्हणायची आणि मनात मोजायची, किती दिवस राहिले.

पहिले दोन मंगळवार सासूच बोलली. तिसऱ्या मंगळवारी यांनी कळवलं, सासूनं थांबावं, पोरीनं बोलावं. हलगी झाली. "वैद्यबुवा विचारतात, मग?" पोर गप्प. यांनी पुन्हा विचारायला लावलं. दवंडीवाल्यानं कधी नव्हे ती काठी हळू मारली. आणि पोरीचे ओठ हलले. पण तिचा आवाज यांच्याहून बारीक. इकडे काही पोचेना. तिच्या शेजारी एकच माणूस होतं. हे दवंडीवाल्याला म्हणाले, सासूला सांग, पोर काय म्हणती ते तिनं मोठ्यानं सांगावं.

सासूनं कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि ओरडून सांगू लागली. "ती म्हणती, रातभर पाळणा हलल्यावाणी वाटतं." मग पुन्हा वाकली. "ती म्हणती, कोंबडं आरवायच्या टायमाला पाळणा थांबतो अन् डोळा लागतो." मग पुन्हा वाकली, आणि या वेळी जरा वेळ तशीच राहिली. "ती म्हणती," सासू ओरडली, "तवाच सासू दळाया हाक मारती."

दोन्ही काठांवरच्या सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. आपल्याविरुद्धचं गाऱ्हाणं आपल्याच तोंडानं गावभर सांगून बसली होती बाई. मग तिलाही ते उमगलं आणि तिनं हात ओवाळून विचारलं, "मग दळण कोण दळंल? तुमी येता का, वैद्यबुवा?"

हे बराच वेळ दवंडीवाल्याच्या कानाशी बोलत होते. औषध असं होतं की दिवस उगवेपर्यंत पोरीला उठवू नका, जेवताना पहिलं ताट तिला वाढा, आणि माहेरी धाडायचं तिच्यासमोर बोलू नका. बस. दवंडीवाला उभा राहिला. नाव घ्यायचं नाही, कोणासाठी ते कळू द्यायचं नाही, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. त्यानं काठी मारली.

"ऐका हो ऐका! दोनी काठच्या तमाम लोकास्नी ताकीद देण्यात येती! दिवस उगवल्याबिगर कोणी आपल्या सुनेला उठवू न्हाई! पहिलं ताट सुनेला वाढावं! सुनेला माहेरी धाडायची भाषा करू न्हाई! जो कोणी कसूर करील त्याला सरकारातून सजा होईल!"

शेवटचं वाक्य यांनी सांगितलं नव्हतं. पण ते त्याच्या प्रत्येक दवंडीच्या शेवटी असायचंच, त्याला ते थांबवता आलं नाही. बाभळीखालचा जवान 'सरकार' ऐकून खाडकन उभा राहिला. सासूनं जवानाकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि सुनेला दंडाला न धरताच परत घेऊन गेली.

आमचे हे डोक्याला हात लावून खडकावर बसले होते. मी विचारलं, "मग?" आयुष्यात एकदाच ती संधी मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जागी झाले, सवयीनं. आणि ऐकते तर दोन्ही काठांवर चिडीचूप. एकही जातं वाजत नव्हतं. कौलं उतरवून आणि सुई टोचून जो प्लेग जातो तो सुना झोपवूनही जात असेल, असं लोकांनी धरलं होतं. आमच्या झोपडीत सासूबाई चुलीपुढे फुंकर मारत बसल्या होत्या आणि धुरात म्हणत होत्या, "काय पण एकेक हुकूम येऊन राहिले." मीही सूनच होते. मी डोळे मिटले आणि कूस बदलली. नवऱ्याचं औषध आपण स्वतः घेऊन बघितलेलं बरं असतं.

पुढचे दिवस मजेचे होते. भाकऱ्या उशिरा, सासवांचे चेहरे लांब, सुना नदीवर पाण्याला आल्या की उगाच हसायच्या. पण माझी नजर पलीकडे त्या एका झोपडीवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पोर उन्हात बसून भाकरी खाताना दिसली. अर्धीच खाल्ली, पण आपल्या हातानं खाल्ली. मी भांडी घासता घासता रडले, आणि कोणी विचारू नये म्हणून राखेला शिव्या दिल्या.

आणि मग अमीनसाहेब आले. घोड्यावरून न उतरताच त्यांनी विचारलं, "ये सुना का हुकूम किसने निकाला?"

"हुकूम न्हाई साहेब, दवा है," हे म्हणाले, बारीक आवाजात. साहेबांना ते दोनदा विचारावं लागलं.

"दवा?" साहेब म्हणाले. "हिंगोली तक पहुँच गई तुम्हारी दवा. आज सुबह हमको चाय नहीं मिली. घर में बोलते, सरकार का हुकूम है."

मला हसू आवरेना, म्हणून मी झोपडीत शिरले. पण साहेब हसत नव्हते. सरकारच्या नावानं खोटी दवंडी दिली म्हणून दवंडीवाल्याला हिंगोलीला नेतो म्हणाले. हे मध्ये उभे राहिले, घोड्याच्या तोंडापुढे. म्हणाले, चूक माझी, मला न्या. त्या दिवशी त्यांचा आवाज मला झोपडीत ऐकू आला. साहेबांनी आधी दवंडीवाल्याकडे, मग पलीकडच्या काठाकडे पाहिलं. दोघांपैकी एकाला नेलं तर हुकूम कोण सांगणार, आणि दुसऱ्याला नेलं तर पलीकडची मंगळवारची गर्दी कोण आवरणार, हे त्यांनाही दिसत होतं. शेवटी म्हणाले, दवाखाना चालू द्या, पण सरकारचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, आणि हा हुकूम आजच्या आज, त्याच जागेवरून, मागे घ्यायचा.

दवंडीवाला खडकावर चढला. मी इतक्या पडलेल्या आवाजातली दवंडी कधी ऐकली नाही. "ऐका हो ऐका. सुनेची ताकीद मागं घेण्यात येती. ज्याला सून उठवायची त्यानं उठवावी." सजेचं वाक्य त्यानं गिळलं. पलीकडे त्या पोरीची सासू झोपडीच्या दारात उभी राहून ऐकत होती, कमरेवर हात ठेवून. मग ती आत गेली.

मी यांच्यावर सगळा राग काढला. "अजून थोडे दिवस कळ काढली असती तुमच्या साहेबानं तर काय चाय बिगर मेला असता? ती पोर आत्ता कुठं घास घेऊन राहिली." या वेळी हे "मग?" म्हणाले नाहीत. गुडघ्यात मान घालून बसून राहिले. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना काही सुचत नाही, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहाटे जाती सुरू झाली. आधी आमच्या काठची, मग पलीकडची, एकामागून एक. आमच्या सासूबाईंनीही मला हाक मारली, आणि ती हाक जरा जास्तच मोठी होती. मी उठले, पण जात्याकडे गेले नाही, घागर घेऊन सरळ नदीवर गेले. थोडं उजाडलं होतं. पलीकडच्या त्या झोपडीजवळ बघते तर जातं जाग्यावर नाही. मग दिसलं. ते जातं पार खाली, पाण्याच्या काठाशी वाळूत आणून मांडलेलं होतं. एवढं जड जातं. आणि त्याच्यापुढं सासू एकटीच बसून दळत होती.

मला काही उमजेना. मी घागर ठेवली आणि माझ्या त्या खणखणीत आवाजात ओरडले, "काहून वो, कालची दवंडी आयकली न्हाई का?"

ती दचकून उठली. हातानं मला गप्प बसायची खूण करू लागली. मी पुन्हा ओरडले. तेव्हा ती लुगडं वर खोचून पाण्यात शिरली. जवान बाभळीखाली डोळे चोळत होता, त्याच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मधल्या खडकापर्यंत आली, गुडघाभर पाण्यात, पिठानं पांढरे झालेले हात तसेच.

"आयकली, वैद्यीणबाई," ती म्हणाली. "वरडू नका. लेकरू आत्ताच निजलंय."

मी झोपडीकडे पाहिलं. त्या झोपडीत लेकरू म्हणावं असं तिच्या सुनेशिवाय कोणी नव्हतं.